ग्रॅनाइटचे पापुद्रे

गोवळकोंडा अथवा मौला अलीची टेकडी पाहिलेल्या वाचकांना तेथील खडकाचे एक वैशिष्ट्य ठाऊक असेल. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे ग्रॅनाइटच्या गोलसर माथ्यावरून दगडाचे जाड पत्रे सुटलेले दिसतात. सह्याद्रीचे थर लाव्हा एकावर एक पसरून झाले. ग्रॅनाइट मात्र भूपृष्ठाखाली खोलवर एकसंध थिजलेला खडक होय. मग त्यात हे थर कसे आले?

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९०४ साली कॅलिफोर्नियातील ग्रॅनाइटच्या घुमटांविषयी लिहिताना एक कारण सुचविले : वरचा भार झिजून गेला की दबलेला खडक प्रसरण पावतो आणि पृष्ठभागाला समांतर तडकतो. पुढील संशोधनाने यात मोलाची भर घातली. भार उतरणे पुरेसे नाही. पृष्ठभाग बाहेर फुगीर हवा आणि त्याच्या कडेकडेने खडकात जबर दाब हवा. पोस्टकार्ड किंचित वाकवून दोन्ही टोके आत दाबावीत. मधला भाग वर उचलला जातो. खडकाचा वरचा थरही तसाच बाहेर ओढला जातो आणि खाली भेग पडते. पृष्ठभागाजवळचे पत्रे पातळ असतात, खोल जावे तसे ते जाड होत जातात.

उरलेले काम ऊन करते. योसेमिटीच्या कड्यावरील सुमारे १९ मीटर उंचीचा एक पत्रा शास्त्रज्ञांनी साडेतीन वर्षे मोजला. दिवसा तापून तो कड्यापासून दूर सरे, रात्री निवून परत येई. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाऊस वा भूकंप नसतानाही दरडी का कोसळतात, याचा उलगडा त्यातून होतो. ३ ऑगस्ट २०१४ रोजी ट्वेन हार्ट या कॅलिफोर्नियातील गावी तर तलावाकाठचा ग्रॅनाइटचा घुमट भर उन्हाळ्यात मोठा आवाज करून फुटला.

दक्षिणेतील पाथरवट पूर्वी खडकावर जाळ करून असेच पत्रे सुटे करीत. उष्णतेचे हे सामर्थ्य त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

‘पाषाणासारखा अचल’ असे आम्ही शिक्षक मंडळी वर्गात सहज म्हणून जातो. तथापि मुलांना सहलीस नेताना आम्ही एवढे तरी सांभाळावे : अधांतरी सुटलेल्या पत्र्याखाली शिदोरी सोडू नये आणि भेगेशी चूल पेटवू नये. तेथील सावली शीतल खरी, पण तिच्यावरचे छप्पर रोज थोडे थोडे हलत असते.