ओवीतली साधना

ख्रिस्तपुराणाचं नाव निघालं की आपले अभ्यासक मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या चार ओव्या म्हणून दाखवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. ते ओवीबद्ध पुराण रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचा मराठीप्रेमी परदेशी म्हणून सत्कार होतो. हा माणूस प्रार्थना कशी करत असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

स्टीफन्स आधी येशूसंघी (जेझुइट), मग कवी. 1575 मध्ये ते रोमला संघात दाखल झाले आणि 1579 मध्ये गोव्यात उतरले. संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना हाच येशूसंघीयाच्या घडणीचा पाया. या साधनेच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात येशूजन्माच्या चिंतनाआधी साधकाला काय सांगितलं आहे? नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आण. तो किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याडोंगरांतून जाणारा, ते पाहा. ती गुहा लहान की मोठी, ठेंगणी की उंच, तेही पाहा. मग तिथे एक गरीब सेवक होऊन उभा राहा आणि त्या कुटुंबाला काय हवं-नको ते बघ.

कॅथलिक परंपरेत याआधी प्रार्थना नव्हती असं कोण म्हणेल? बेनेडिक्टाइन मठांत ठरल्या प्रहरी एकत्र स्तोत्रं गायली जात. फ्रान्सिस्कनांनी गव्हाणी आणि क्रुसाची वाट लोकांच्या अंगवळणी पाडली, डोमिनिकनांनी रोझरी. इग्नेशियस यांनी मात्र आपल्या माणसांना सामुदायिक स्तोत्रगायनाच्या बंधनातून मोकळं केलं, कारण त्यांचं आयुष्य वाटेवर जायचं होतं. त्या बदल्यात दुपारी आणि रात्री स्वतःच्या मनाची झडती घ्यायला लावली: आज देव कुठे भेटला, मी कुठे पाठ फिरवली. एका परिसंवादात एका विद्वानांनी या सगळ्याला ‘लष्करी कवायत’ म्हटलं होतं. त्यांनी ते पुस्तक उघडलं असावं असं मला वाटत नाही. साधना देणाऱ्यानं थोडक्यात सांगावं आणि बाजूला व्हावं, देवाला त्या जिवाशी थेट बोलू द्यावं, असं त्यात सुरुवातीलाच बजावलेलं आहे. कवायतीत असं मोकळं कोण सोडतं?

आता ख्रिस्तपुराण या नजरेनं वाचा. 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी वरिष्ठांना लिहिलं होतं, पण ते झालं नाही. त्याचे दोन भाग: पहिल्या पुराणात 36 अवस्वर म्हणजे अध्याय, दुसऱ्यात 59, आणि एकूण ओव्या जवळजवळ अकरा हजार. पाद्री सांगतो आहे, नवख्रिस्ती ऐकताहेत, मधेच शंका विचारताहेत. साधना देणारा आणि घेणारा, तोच हा संवाद, फक्त आता अख्खं गाव घेणारं आहे. ओवी सावकाश चालते, एकेका प्रसंगापाशी थांबते. ऐकणाऱ्याला तिथे उभं राहायला वेळ देते. स्वर्गासाठी वैकुंठासारखे शब्द स्टीफन्स यांनी अलंकार म्हणून घेतलेले नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र आधीपासून होतं, तिथूनच त्याला आत नेलं. साधनेच्या महिनाभराच्या मौनात जे फक्त निवडकांना मिळे, ते त्यांनी शेतकऱ्याला रविवारी कानावाटे दिलं, असं मी ठामपणे म्हणतो.

आमच्या बाजूचा इतिहास भरभर सांगतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून वसई आणि ठाण्यात येशूसंघी होते. वसईच्या गोन्सालो गार्सियांना त्यांनीच शिकवलं, पुढे ते फ्रान्सिस्कन झाले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1739 मध्ये वसई. 1759 मध्ये पोर्तुगालनं आणि 1773 मध्ये खुद्द पोपनं संघ मोडीत काढला. 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जर्मन येशूसंघी आले, शाळा-कॉलेजं निघाली. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केलं, तेव्हा मराठी घरात प्रार्थनेला पुन्हा आपली भाषा मिळाली. फादर गी दलरी पंढरीच्या वारीत चालले, तुकोबांना फ्रेंचमध्ये घेऊन गेले. आणि मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो! 1978 च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘साधना’. मौन, श्वास, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श यांपासून ते सुरुवात करतात. 1998 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, रोमनं त्यांच्या काही विचारांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. तेव्हापासून आमच्यातले काही जण डोळे मिटून बसणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं पाहतात. त्यांना मी एवढंच विचारतो, पंचेंद्रियांनी प्रार्थना करायला इग्नेशियस यांनी शिकवलं, तेव्हा ते कुठल्या आश्रमात गेले होते?

लहानपणी वसईत उपवासकाळातली रिट्रीट म्हणजे दिवसचे दिवस. प्रवचन मराठीतून, मधल्या वेळात बोलायचं नाही. आजी वाडीत पाणी सोडतानाही गप्प असायची. आता घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत टॉवर उभे आहेत, त्यांत वसईहून आलेली आमची घरं आहेत. रिट्रीट शनिवारी दुपारी उरकते, इंग्रजीतून, माईकवर गाणी लावून. मौनाला कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते. मुलांना स्टीफन्स हे नाव शाळेच्या मराठीच्या धड्यापुरतंही माहीत नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

शांताराम बंडेलू यांची ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती 1956 ची, फादर कारिदाद द्रागो यांची 1996 ची. म्हणजे लिपीची सबब उरलेली नाही. येत्या उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट झाली की दुसऱ्या पुराणातल्या पन्नासेक ओव्या मोठ्यानं वाचाव्यात आणि नंतर पंधरा मिनिटं कोणी बोलू नये, असं मी आमच्या धर्मग्रामाला लेखी कळवलं आहे. ओव्या मी निवडून ठेवल्या आहेत. वाचणारे तरुण हवेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी दोनदा मोठ्यानं वाचून सराव करावा, ओवी घाईनं म्हटलेली मला चालणार नाही.