एक तीळ सात जणांत!

मुलांनो, आज एक काम करा. आईला विचारून घरातलं रेशनकार्ड बघायला मागा. पिवळं, केशरी, पांढरं, जे असेल ते. त्यात घरातल्या माणसांची नावं सापडतील. आजीचं, बाबांचं आणि बहुधा तुमचंसुद्धा! आता सांगा पाहू, तुमच्या घरात माणसं किती, हे रेशनच्या दुकानदाराला कशाला हवं असतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला एका युद्धात शिरावं लागेल.

दुसरं महायुद्ध १९३९ साली सुरू झालं, तेव्हा लढाई होती दूर युरोपात. पण ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्याने रंगून शहर घेतलं आणि युद्ध थेट आपल्या ताटात येऊन पोचलं. ते कसं? त्या काळी ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त तांदूळ आपल्याकडे येत असे. तो एकाएकी थांबला. त्यात सैन्यालाही धान्य हवं होतं. आगगाड्या सैनिक आणि दारूगोळा वाहण्यात गुंतलेल्या. मग काय, भाव भराभर चढू लागले!

भाव चढणार असं दिसलं की काय होतं, माहीत आहे? ज्याच्या खिशात पैसा असतो, तो पोत्यांवर पोती भरून ठेवतो. काही व्यापारी माल दडवतात. माल दिसेनासा झाला की भाव आणखी चढतो. अशा वेळी रोजच्या मजुरीतून रोजचा शिधा आणणाऱ्या माणसाने काय करायचं?

मुंबईत तर असे लाखो लोक होते. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहणारे कामगार, त्यांतले कितीतरी कोकणातून आलेले, म्हणजे दोन्ही वेळा भात खाणारे. शेवटी २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचं रेशनिंग, म्हणजे शिधावाटप सुरू झालं.

रीत साधी होती. घरातली माणसं मोजायची, त्यांचं कार्ड करायचं आणि माणशी वाटा ठरवून द्यायचा. मलबार हिलच्या बंगल्यातले शेठजी असोत की परळच्या चाळीतला कामगार, कार्डावरचा वाटा डोकी मोजून. अंगमेहनत करणाऱ्याला थोडं जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एक रत्तल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य, असा हिशेब होता. पुढे १९४६ मध्ये टंचाई वाढली आणि तो वाटा १२ औंसांवर, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास आला.

आता स्वयंपाकघरात डोकावू या. भात खाणाऱ्या घरात गहू आला, ज्वारी आली, बाजरी आली. ज्यांना भाकरी थापायची सवय नव्हती, त्यांनाही पीठ मळायला बसावं लागलं. धान्यात खडे असत. सूप घेऊन निवडत बसायचं काम मुलांच्याही वाट्याला येई. साखर मोजकी, म्हणून चहात गूळ. आणि पाहुणे आले तर? पाहुण्याचं नाव काही आपल्या कार्डावर नसायचं! मग घरच्यांच्याच ताटातला घास घास कमी व्हायचा.

सगळं अगदी न्यायाने चालत होतं, असं समजू नका. काळा बाजार होताच. ज्याला परवडे तो दूध, अंडी, फळं खाऊन पोट भरी. आणि संकटंही थांबली नव्हती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसं गेली आणि गोदामांमधलं हजारो टन धान्य जळालं. तरीही मुंबईत दुष्काळ पडला नाही. लोक अर्धपोटी राहिले असतील, नावडतं खाल्लं असेल, पण जगले.

याच सुमारास बंगालमध्ये काय घडत होतं? तिथे वाटणीची ही शिस्त वेळेवर लागली नाही. कलकत्त्यातल्या युद्धाच्या कामांसाठी धान्य राखलं गेलं आणि खेड्यातले शेतमजूर, कोळी, नावाडी वाऱ्यावर पडले. बाजारात तांदूळ होता, पण त्यांना तो विकत घेता येईना. कलकत्त्यात रेशनिंग सुरू झालं ते १९४४ च्या जानेवारीअखेर. तोवर फार उशीर झाला होता. त्या दुष्काळात आणि मागोमाग आलेल्या रोगराईत वीस ते तीस लाख माणसं मेली, असा अंदाज आहे.

शांतिनिकेतनात आजोबांच्या घरी राहणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा हे सारं बघत होता. भुकेली माणसं दारावरून जात. त्यांना सिगारेटच्या छोट्या डब्याच्या मापाने तांदूळ द्यायची परवानगी त्याला घरातून मिळाली होती. तेवढाच, कारण मागणारे फार होते. हा मुलगा म्हणजे अमर्त्य सेन! मोठेपणी, १९८१ साली, त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं, की धान्य कमी पडलं म्हणूनच माणसं मरतात असं नाही. धान्य असूनही ते गरिबापर्यंत पोचलं नाही, तरी माणसं मरतात. १९९८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे म्हणतातच ना, एक तीळ सात जणांत वाटून खावा! रेशनकार्ड म्हणजे हीच म्हण सरकारी कागदावर उतरलेली.

स्वातंत्र्यानंतरही अशी वेळ आली. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं. त्या काळात आपण अमेरिकेकडून गहू आणत होतो. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळ न जेवण्याचं आवाहन केलं. अनेक घरांत आणि हॉटेलांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटेनाशी झाली. आपल्याकडे महादेवाचा सोमवार होताच, आता शास्त्रीजींचाही सोमवार आला!

आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे, यादीतल्या बहुतेक कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. वाटा ठरतो तो अजूनही डोकी मोजूनच.

आता तुमच्यासाठी उद्योग. घरातल्या काट्यावर ३४० ग्रॅम पीठ मोजा. आईला विचारा, यात किती पोळ्या होतील? मग मनाशी धरा, की दिवसभराचं एवढंच, भाजी असली तर असली. नंतर आजीजवळ बसा. १९६५ चा सोमवार तिला आठवत असेल. पणजी असतील, तर त्यांना मुंबईतल्या रांगा विचारा. काय शिजत होतं, कुणाच्या ताटात आधी वाढत आणि शेवटी जेवायला कोण बसत असे, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वहीत लिहून ठेवा. ते कुठल्याच रेशनकार्डावर सापडणार नाही.