दहाचा एक

९ मे २०११ रोजी न्यूयॉर्कचा बाजार उघडला तेव्हा सिटीग्रुपचा शेअर चव्वेचाळीस डॉलरच्या घरात होता. आदल्या शुक्रवारी तो साडेचारच्या आसपास बंद झाला होता. शनिवार-रविवारात बँकेचे नशीब पालटले नव्हते, तिने दहा शेअरांचा एक केला होता. बाजारात याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. ज्याच्याकडे हजार शेअर होते त्याच्या खात्यात शंभर दिसू लागले. ज्यांच्या शेअरसंख्येला दहाने पूर्ण भाग जात नव्हता त्यांना उरलेल्या अपूर्णांकाचे पैसे रोख मिळाले. कुणाचा हिस्सा घटला नाही, मतेही त्याच प्रमाणात राहिली.

तरीही त्या काळात भागधारकांचा राग याच निर्णयावर निघाला. तो चुकीच्या जागी होता, असे मला वाटते. त्यांचे जे जायचे ते त्याआधीच गेले होते.

२००७ च्या सुरुवातीला हा शेअर पंचावन्न डॉलरच्या आसपास होता. पुढे घरकर्जांवर रचलेल्या रोख्यांनी बँकेला खड्ड्यात घातले. त्या डिसेंबरात नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित प्रमुख झाले, तेव्हा पडझड सुरू झालेली होती. २००८ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने ४५ अब्ज डॉलर ओतले. मार्च २००९ मध्ये शेअर काही काळ एक डॉलरच्याही खाली उतरला. एके काळी जगातली सर्वात मोठी गणली गेलेली बँक!

खरा घाव त्यानंतर बसला. सरकारने अग्रहक्क शेअरांत घातलेल्या आपल्या पैशांतले २५ अब्ज डॉलर सव्वातीन डॉलर भावाने साध्या शेअरांत बदलून घेतले, म्हणजे सुमारे ७७० कोटी नवे शेअर निघाले. इतर अग्रहक्क भागधारकांनीही अदलाबदल केली, वर्षअखेरीस बँकेने बाजारात आणखी शेअर विकले. संकटापूर्वी जेमतेम ५०० कोटी असलेले शेअर २,९०० कोटींवर गेले. बँक वाचली. सरकारने डिसेंबर २०१० पर्यंत आपले सगळे साधे शेअर नफ्यात विकले. जुन्या भागधारकाच्या हाती मात्र भाकरीचा जेमतेम सहावा तुकडा उरला.

लाभांशाचा हिशेब पाहिला की हे अंगावर येते. २००७ मध्ये दर तिमाहीला शेअरमागे ५४ सेंट मिळत. हजार शेअर बाळगून असलेल्या निवृत्त माणसाला वर्षाला २,१६० डॉलर येत. मग ते ३२ सेंट झाले, १६ झाले, एक सेंट झाला, शेवटी बंद झाले. दहाचा एक केल्यावर बँकेने पुन्हा तिमाही एक सेंट लाभांश सुरू केला. त्या माणसाचे तेव्हा शंभर शेअर उरले होते, म्हणजे वर्षाला चार डॉलर.

मग हे एकत्रीकरण केले तरी कशाला? चार-पाच डॉलरच्या शेअरला पडेल कंपनीचा वास येतो. अनेक मोठ्या फंडांचे नियम पाच डॉलरखालचे शेअर घेऊ देत नाहीत, आणि इतक्या स्वस्त शेअरमध्ये सट्ट्याची उलाढाल फार होते. कारणे रास्त होती, पण भाव टिकवणे एकत्रीकरणाच्या आवाक्यातले नव्हते. युरोपच्या कर्जसंकटात बँकांचे शेअर कोसळले आणि २०११ संपताना सिटी २६ डॉलरवर होता, जुन्या मापाने अडीच डॉलरच्या किंचित वर. २०१२ च्या एप्रिलमध्ये भागधारकांनी पंडितांच्या मोबदल्याविरुद्ध कौल दिला, ऑक्टोबरात ते पायउतार झाले. शेअरने शंभर डॉलर ओलांडायला २०२५ उजाडले. जुन्या मापाने ते दहा डॉलर. २००७ चा भाव या नव्या मापात साडेपाचशे होतो.

सिटीने आधी शेअर वाढवले, मग आवळले. एएमसी या अमेरिकी चित्रपटगृह कंपनीने उलट केले, आणि ते मला अधिक घातक वाटते. महासाथीने बुडू पाहणाऱ्या या कंपनीला २०२१ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांनी डोक्यावर घेतले. तिला आणखी शेअर काढायची परवानगी द्यायला मात्र तेच राजी नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाच्या मान्यतेनंतर दहाचा एक झाला. काढलेल्या शेअरांचा आकडा आक्रसला आणि मंजूर मर्यादेत नव्या शेअरांना जागा झाली. तीनच आठवड्यांत कंपनीने चार कोटी शेअर सरासरी ८.१४ डॉलरने विकून टाकले. वर्षअखेरीस भाव सहाच्या आसपास होता.

आपल्याकडच्या रुची सोया या खाद्यतेल कंपनीत तर दोन्ही एकदम झाले. दिवाळखोरी प्रक्रियेत २०१९ मध्ये पतंजलीने ती घेतली, शंभर जुन्या शेअरांचा एक झाला आणि नवे शेअर जवळजवळ सगळे नव्या मालकांकडे गेले. सामान्य भागधारकांकडे मिळून सुमारे एक टक्का उरला. जानेवारी २०२० नंतर तो शेअर वेड्यासारखा चढला, पण जुन्यांपैकी प्रत्येकाकडे शंभराचा एकच होता.

तुमच्या कंपनीची अशी सूचना आली तर नव्या भावाकडे पाहू नका. मंजूर भांडवल किती, त्यातले काढलेले शेअर किती आणि एकत्रीकरणानंतर मोकळी जागा किती उरते, हे तीन आकडे शोधा आणि मत देण्याआधी कंपनीला विचारा की ती जागा कुणासाठी आहे.