गरजेची गोळी, हौसेची शिकार

पुसदच्या शिवारात रोही आणि रानडुकरं तुरीचा फडशा पाडतात, शेतकरी रात्ररात्र जागल करतो. त्याला प्राणिप्रेम शिकवणं अन्यायाचं आहे. याच यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा १३ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. १९७२ चा वन्यजीव कायदा अशा वेळी मारण्याची परवानगी देतो, पण मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरवतो. कातडं, नखं कुणाला दिवाणखान्यात मिरवता येत नाहीत. गरज आणि हौस यांच्यातली ही रेघ मला फार मोलाची वाटते. नामिबियात हौसेच्या शिकारीच्या शुल्कातून गावांना पैसा मिळतो, हे खरंच. पण हौशी शिकारी पीक खाणारं जनावर शोधत नाही, मोठ्या शिंगांचा, भरदार आयाळीचा नर निवडतो. पुसदच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याला कुंपणासाठी अनुदान आणि पिकाची भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात हवी.