उत्तर शून्य आलं, पण प्रश्न काय होता?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका मसुद्यात लिहिलं होतं, 'देशात हाताने मैला साफ करताना एकाही मृत्यूची नोंद नाही.' खाली संदर्भ राज्यसभेतल्या मंत्र्यांच्या लेखी उत्तराचा, 28 जुलै 2021. संसदेतलं उत्तर म्हणजे आणखी काय पुरावा हवा, असं मला वाटत होतं. गाईड मॅडमनी शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'मूळ प्रश्न वाचलास का?' वाचला नव्हता. खोटं कशाला सांगू, बातमीतलं वाक्य उचललं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण पुढे संसदेतली प्रश्नोत्तरं डेटा म्हणून वापरणार आहात. संकेतस्थळावर सगळं फुकट मिळतं, शोधायलाही सोपं. पण तो डेटा तयार कसा होतो, हे आधी समजून घ्या.

राज्यसभेचा दिवस सकाळी 11 ला सुरू होतो. आधी कागदपत्रं पटलावर ठेवली जातात, मग शून्य प्रहर. त्यात सभापतींच्या परवानगीने तातडीचा विषय मांडायला सदस्याला तीन मिनिटं मिळतात. दुपारी 12 ला प्रश्नोत्तराचा तास. पूर्वी तो 11 ला असायचा, 2014 च्या हिवाळी अधिवेशनापासून 12 ला गेला. जेवणानंतर विधेयकं आणि चर्चा. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ यातल्या कुठल्याही वेळी होऊ शकतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही. शुक्रवारची दुपार मात्र खासगी सदस्यांची. बरेच जण तिला वेळ काढणं समजतात. पण तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक 24 एप्रिल 2015 ला, अशाच एका शुक्रवारी, राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्या कामाचा खरा ऐवज प्रश्नांमध्ये आहे. दिवसाला 15 तारांकित आणि 160 अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित म्हणजे जास्त महत्त्वाचा, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. तसं नाहीये. तारा म्हणजे सदस्याला तोंडी उत्तर हवंय, एवढीच खूण. कुणाचा प्रश्न आधी येणार हे सोडतीने ठरतं आणि मंत्रालयांचे वारही गट पाडून ठरलेले असतात. तेव्हा 'अमुक मंत्रालयावर तारांकित प्रश्न कमी, म्हणजे सदस्यांना त्यात रस कमी' असा निष्कर्ष काढायला जाऊ नका. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात तर कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळाली. तुमच्या आलेखात तिथे तारांकित प्रश्न शून्य दिसतील. त्या शून्याचा सदस्यांच्या उत्साहाशी काहीही संबंध नाही.

तोंडी उत्तराचा मोठा फायदा म्हणजे पुरवणी प्रश्न. मंत्र्यांनी शब्द चुकवून उत्तर दिलं, तर सदस्य तिथल्या तिथे 'पण मी हे विचारलं नव्हतं' म्हणू शकतो. लेखी उत्तरात ती सोय नाही. प्रश्नात जो शब्द घातला, त्याच शब्दाला उत्तर मिळतं.

आता माझ्या शून्याकडे येऊ. 2013 च्या कायद्यात 'हाताने मैला उचलणे' आणि 'धोकादायक सफाई' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. पहिलीत मुख्यतः अस्वच्छ शौचालयं, उघडी गटारं वगैरे ठिकाणचा मैला हाताने साफ करणं, वाहून नेणं येतं. संरक्षक साधनांशिवाय भुयारी गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरणं दुसरीत जातं. लोकांच्या बोलण्यात दोन्ही एकच, कायद्यात नाही. त्यामुळे पहिल्या व्याख्येखाली मृत्यू शून्य. आणि त्याच पावसाळी अधिवेशनात राज्यसभेत दिलेला दुसरा आकडा होता गटारं आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईतल्या मृत्यूंचा: 941.

मी मूळचा रसायनशास्त्राचा. पाण्याच्या नमुन्यात शिसं 'आढळलं नाही' असं लिहिताना आपण उपकरणाची शोधमर्यादा किती ते सोबत देतो. नाही दिली तर परीक्षक फाडून खातात. इथे व्याख्या हीच शोधमर्यादा होती आणि मी ती न देताच शून्य छापायला निघालो होतो. यात माझे फार तर दोन गुण गेले असते. पण 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये ही रक्कम 30 लाखांवर नेली. मृत्यू कुठल्या रकान्यात मांडला जातो, की कुठल्याच नाही, यावर कुणाच्या तरी घरचा पैसा अडकलेला असतो.

म्हणून उत्तराची पीडीएफ उघडलीत की वरचा प्रश्न आधी वाचा, (क), (ख), (ग) सगळे भाग. मग कुठला भाग उत्तरात गिळला गेलाय ते बघा. 'माहिती गोळा केली जात आहे' असं असेल तर तिथे थांबू नका. ते आश्वासन धरलं जातं, साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला सभागृहाची आश्वासन समिती आहे. बऱ्याचदा खरा आकडा तिथे, नंतर कधीतरी सापडतो.

माझ्या प्रकरणात ते वाक्य आता असं आहे: 'कायद्यातील हाताने मैला उचलण्याच्या व्याख्येखाली एकाही मृत्यूची नोंद नसल्याचे शासनाने सांगितले, गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत 941 मृत्यूंची नोंद त्याच अधिवेशनात दिली गेली.' लांबलचक झालंय. मॅडमनी या वेळी पेन्सिल लावली नाही.