ओल्या पट्टीचा विचार

धान्याच्या व्यापाऱ्यास ओलाव्याचे भय उपजतच असते. तुरीचे किंवा ज्वारीचे पोते भिजले की बुरशी धरते आणि भाव पडतो. म्हणून माल वाळवून मगच थप्पी लावावी, ही आम्हां सर्वांची वडिलोपार्जित शिकवण. हाच न्याय आपण शरीरावरील जखमेसही लावीत आलो. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की काम झाले, असा समज घरोघरी आहे. परंतु १९६२ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमा तपासून दाखविले की, झाकून ओलसर राखलेली जखम उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने भरते. खपली असली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते; ओल असली की त्या सरळ पुढे सरकतात.

आमच्या नार्नूरसारख्या गावी हा विषय केवळ पुस्तकी नव्हे. विळ्याचा घाव, पोत्याच्या हुकाचा ओरखडा, चुलीवरचे भाजणे हे नित्याचेच. आणि मोठ्या इस्पितळासाठी आदिलाबाद गाठावे लागते. त्यावर राख, चुना किंवा हळद दाबून वर फडके बांधण्याची रीत आहे. ते फडके जखमेला चिकटते व सोडताना नवी कातडी ओढून काढते. पेढीवर बसून राहणाऱ्या आपल्या मंडळींत मधुमेह असला तर संकट अधिकच. पायाची जाणीव बोथट झाल्याने खिळा रुतलेलाही कळत नाही, आणि कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते. अशा पायाची बोटे, कधी पाऊलही, गमवावे लागते.

या कामी हायड्रोजेलची पट्टी उपयोगी पडते. इसबगोल पाण्यात टाकले की त्याभोवती जो बुळबुळीत गर धरतो, तीच जात. पाणी धरून ठेवणाऱ्या या जाळीची पातळ, थंड, पारदर्शक चकती करतात. ती भाजलेल्या भागाचा दाह शमविते, चिकटत नाही, आणि आतील जखम न सोडता पाहता येते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी पट्टी सिद्ध केली आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, अगर आणि कॅराजीनन यांचे मिश्रण पाकिटात बंद करून त्यावर किरणांचा मारा करतात. त्याने जाळीही जमते व जंतूही मरतात, दोन्ही एकाच वेळी. वाशी येथे २००० सालापासून मसाल्यांवर किरणांचा प्रयोग होतो, तो आपल्या व्यवसायबंधूंस ठाऊक असेलच. तत्त्व तेच.

तथापि साधे जेल जखमेतील जंतू मारीत नाही. म्हणून जंतू शिरण्याचा धोका असेल तेथे त्यात चांदीसारखे जंतुनाशक मिसळतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे जेल बनविण्याचे काम २००९ साली प्रसिद्ध केले. चांदीचा वर्ख मिठाईवर लावणाऱ्या आपणांस यात नवल वाटू नये! मात्र जखम स्वच्छ झाल्यावरही चांदी चालूच ठेवली तर ती नव्या पेशींनाही बाधू शकते. फार स्राव वाहणाऱ्या जखमेवरही पाणीदार जेल योग्य नव्हे. मधुमेह्याच्या पायाला इजा झाली, किंवा जखमेभोवती लाली पसरून ताप आला, तर पट्टीच्या भरवशावर घरी बसू नये. डॉक्टरांस त्याच दिवशी दाखवावे. धनुर्वाताच्या सुईची चौकशी निराळी करावी.

आता आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न: हे जेल कशाचे? अगर व कॅराजीनन समुद्रातील शेवाळापासून निघतात. परंतु काही पट्ट्यांत जिलेटिन किंवा कोलॅजेन असते, ते जनावरांच्या कातडी-हाडांचे. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचाचे. मधाचीही पट्टी आहे. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाजलेल्या ५२ रुग्णांना मध लावला, तेव्हा सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या. तुलनेच्या, चांदीच्या मलमाच्या गटात ७ टक्के. मध आपणांस त्याज्य आहे, हे खरे. आमच्या मते तो त्याग भोजनाचा आहे, आणि जीव वाचविण्याच्या वेळी वैद्याशी वाद घालू नये. ज्यांचे मन घेत नाही त्यांना शेवाळाच्या जेलची वाट मोकळी आहेच. पाकिटावर घटक छापलेले नसतील तर विक्रेत्याकरवी कारखान्यास विचारून घ्यावे. चार दुकाने एकत्र येऊन मागणी करतील तर उत्तर लवकर येईल.