बँड कसा जमतो?

'बँड' हा शब्द आपल्याकडे दोन तऱ्हांनी वापरला जातो. वरातीपुढे झगमगीत डगले घालून चालणारी माणसे हा एक बँड. स्नेहसंमेलनात गिटार, ड्रम आणि की-बोर्ड घेऊन रंगमंचावर उभी राहणारी मुले हा दुसरा बँड. पहिल्यावरून आपण 'त्याचा बँड वाजला' अशी थट्टा करतो. दुसऱ्याचे नाव काढले की डोळ्यांत चमक येते. वाद्ये निराळी, पोशाख निराळे, मानही निराळा. परंतु दोन्हींपुढचा प्रश्न एकच आहे : चार-सहा माणसांनी एका सुरात आणि एका लयीत वाजवायचे कसे?

हा विषय लिहायला घेण्याचे कारण असे की, आपल्या महाविद्यालयात एकटे वाजवणारे पुष्कळ आहेत. कुणी वसतिगृहाच्या गच्चीवर मोबाईलवर पाहून गिटार शिकतो, कुणी गावच्या भजनात पेटी धरतो, कुणी गणपतीत ताशा वाजवतो. एखाद्या संचात आपल्याला घ्यावे असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्येकाला तोच सवाल केला जातो : 'अनुभव आहे का?' संचात गेल्याशिवाय अनुभव येत नाही आणि अनुभवाशिवाय संचात घेत नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलीच ही गत!

मी ढोलकी वाजवतो. प्रथम वर्षाला असताना एका संचाकडे विचारणा केली, तेव्हा 'आम्हाला ड्रमर पाहिजे, ढोलकीवाला नको' असे उत्तर मिळाले. त्यांची गरज त्यांनी सांगितली, त्यात राग धरण्यासारखे काही नव्हते. मात्र त्यातला 'वाला' कानात राहिला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे चुलते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. कागदावरचे स्वर त्यांना वाचता येत नाहीत, पण सकाळी मोबाईलवर ऐकलेले गाणे संध्याकाळच्या वरातीत ते सर्वांकडून वाजवून घेतात. संच कसा चालतो हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्मे त्यांचेच आहे.

आधी साथ, मग संच

नवशिक्याची समजूत अशी असते की, बोटे पुरेशी तयार झाली म्हणजे कुणीतरी बोलावणे धाडील. प्रत्यक्षात संचाला उस्ताद क्वचितच लागतो. त्याला लागतो तो वेळेवर येणारा, दुसऱ्याचे ऐकणारा आणि सांगितले तेवढेच वाजवणारा माणूस. 'जास्त वाजवतो तो साथीला नको,' असे आमचे चुलते म्हणतात. गायक ओळ म्हणत असताना ढोलकीने साधा ठेका धरावा, ओळ संपली की छोटासा उठाव घ्यावा आणि समेवर सुखरूप यावे. ज्याला गप्प बसण्याची जागा कळते त्याला लोक पुन्हा बोलावतात.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. या दोघांची ओळख लहानपणी मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालवलेल्या 'सुरील कला केंद्रा'त झाली. दोघांच्याही घरची स्थिती बेताची. लक्ष्मीकांत मँडोलिन वाजवत, प्यारेलाल व्हायोलिन. त्यांनी अनेक वर्षे दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत वाजवले, कल्याणजी-आनंदजींचे सहायक म्हणून काम केले आणि मग 1963 साली 'पारसमणी' हा स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. पुढच्याच वर्षीच्या 'दोस्ती'त त्यांच्यासाठी माउथ ऑर्गन वाजवला तो राहुलदेव बर्मन यांनी, म्हणजे जे पुढे त्यांचे प्रतिस्पर्धी गणले गेले त्यांनीच! साथ करण्यात कमीपणा असता तर हे घडलेच नसते.

शिरावे कुठे?

संच मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गावातले संच मोजावेत. पहिला, भजनी मंडळ. तिथे कुणी अनुभवाचा दाखला मागत नाही; टाळ हातात देतात आणि बसवतात. टाळाने लय पक्की होते. तासभर अभंगाला टाळ धरून लय पळू न देणे ही काही सोपी परीक्षा नव्हे. दुसरा, ढोल-ताशा पथक. गणेशोत्सवाच्या आधी काही आठवडे त्याचा सराव चालतो आणि नवख्यांना तिथे शिकवून घेतात. तिसरा, विद्यापीठाचा युवक महोत्सव. त्यात समूहगीत असते, लोकवाद्यवृंद असतो, आणि त्यासाठी महाविद्यालयाला दरवर्षी माणसे हवी असतात. हलगी, संबळ, पिपाणी, तुणतुणे या वाद्यांना तिथे मानाची जागा आहे. ज्याला 'वाला' म्हणून मागे ठेवले त्याने या वाटेने जरूर जावे.

चौथा संच म्हणजे खुद्द लग्नाचा बँड. लग्नसराईत एका दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या आल्या की मास्तरांना माणसे कमी पडतात. खुळखुळा किंवा साइड ड्रम धरणारा नवा मुलगा त्यांना चालतो. उन्हात चालत तीन तास वाजवणे, नाचणाऱ्यांनी मध्येच गाणे बदलायला लावणे, तरीही ठेका न सोडणे, ही शिकवण कोणत्याही वर्गात मिळणार नाही. आपल्यापैकी कितीजण तिथे जायला धजतील, हा खरा प्रश्न आहे. रस्त्यावर वाजवताना वर्गातल्या कुणी पाहिले तर? ही लाज मलाही माहीत आहे. परंतु त्याच मिळकतीवर माझी प्रवेश-फी भरली गेली आहे, त्यामुळे तिला जास्त मान देण्याचे मला कारण दिसत नाही.

वाद्य नाही ही अडचणही पुष्कळदा सांगितली जाते. ती खरी आहे, पण तिच्यावर आपल्याच लोकांनी काढलेला तोडगा पाहावा. 1912 साली जपानमधल्या नागोया येथे गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. मुंबई-कोकणातल्या पोरांनी त्याला विजेची जोड दिली, कर्णा लावला आणि त्याचे नाव 'बँजो' ठेवले. आज 'बँजो पार्टी' म्हटले की मिरवणुकीतला अख्खा संच डोळ्यांपुढे येतो. हाताशी असलेले वाद्य घेऊन त्यांनी काम सुरू केले, हे ध्यानात घ्यावे.

पट्टी आणि ठेका

नवा संच पहिल्याच तालमीत मोडतो तो बहुधा पट्टीवरून. गायकाचा 'सा' कुठे आहे हे आधी ठरले पाहिजे. पुरुषांचे आवाज बहुतेक वेळा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतात, मुलींचे काळी चार-पाचच्या आसपास. गिटार शिकणाऱ्याला सी आणि जी या पट्ट्या सोप्या वाटतात, म्हणून तो गायकाला तिकडे ओढतो. गायकाचा गळा ताणला जातो आणि भांडण होते. वास्तविक उपाय सोपा आहे. गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीचेच आकार धरले की ती काळी एक होते. जीचे आकार धरले की काळी चार. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांची गंमत आणखी निराळी आहे. लग्नाच्या बँडमध्ये असतात त्या वाद्यांवर वादक ज्याला सी म्हणतो तो स्वर पेटीवर काळी पाच असतो. आल्टो सॅक्सोफोनचा सी काळी दोनवर येतो. म्हणून पेटीवाला आणि क्लॅरिनेटवाला दोघेही 'आपण सीमधून वाजवू' म्हणाले तर दोघेही बरोबर असूनही गाणे बेसूर होते! अशा वेळी स्वरांची नावे बाजूला ठेवून पेटीचा एकच स्वर दाबून धरावा आणि सर्वांनी त्याला 'सा' मानून आपापले वाद्य लावावे. ढोलकी-तबल्याची शाईसुद्धा त्याच स्वराला मिळवावी लागते.

ठेक्याच्या बाबतीत फार घाबरण्याचे कारण नाही. चित्रपटगीते, भावगीते आणि लोकगीते यांतली फार मोठी संख्या आठ मात्रांच्या केरव्यात नाही तर सहा मात्रांच्या दादऱ्यात बसते. हे दोन ताल संथ आणि जलद अशा दोन्ही लयींत, पाच-पाच मिनिटे, लय न पळवता वाजवता आले म्हणजे संचात शिरण्याइतकी तयारी झाली असे समजावे. लय मोजणारे यंत्र आता मोबाईलवर फुकट मिळते. त्याच्याबरोबर सराव करावा.

तालीम

संच स्वतः काढायचा असेल तर चार माणसे पुरतात : एक गाणारा, एक ठेका धरणारा, एक सूर भरणारा आणि एक मधले तुकडे वाजवणारा. दहाजण जमवले की दहाजणांच्या वेळा जमवाव्या लागतात आणि संच वेळापत्रकातच संपतो. गाणीही तीनच घ्यावीत. तीन गाणी शेवटपर्यंत येणारा संच कार्यक्रम करू शकतो. तीस गाण्यांचे मुखडे येणारा संच करू शकत नाही.

प्रत्येक गाण्याचा आराखडा कागदावर लिहावा : सुरुवातीचा तुकडा, मुखडा, मधला तुकडा, अंतरा, शेवट. कोण कुठे थांबणार आणि कोण कुठे येणार हेही लिहावे. या लिहिण्याचे मोल गोव्याच्या वादकांनी दाखवून दिले आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून मुंबईस आलेल्या वादकांनी चित्रपटसंगीताचे मोठमोठे वाद्यवृंद उभे केले. त्यांतले मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात जे नाव सर्वांच्या तोंडी बसले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. आपल्याला त्यांचे स्वरलेखन येत नसेल तर सा-रे-गमध्ये लिहावे, पण लिहावे.

तालीम झाली की खोलीच्या मध्यभागी मोबाईल ठेवून एकदा ध्वनिमुद्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून ऐकावे. वाजवताना प्रत्येकाला स्वतःचेच ऐकू येते. मुद्रण सर्वांचे ऐकवते. मग कुणाला दोष द्यावा लागत नाही, ज्याचे त्याला कळते.

तालमीची वेळ हा मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा मुद्दा आहे. रात्रीच्या तालमीला घरून परवानगी मिळत नाही आणि मग 'मुली येतच नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो. शेवटचा तास सुटल्यावर दिवसाउजेडी तालीम ठेवली तर हा अडसर पुष्कळ अंशी दूर होईल. शेजाऱ्यांनाही तेच सोयीचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहेच.

पैसा आणि मैत्री

पहिला कार्यक्रम बहुधा फुकट होतो, दुसऱ्याची थोडी बिदागी मिळते आणि तिसऱ्यानंतर संच फुटतो! हे टाळायचे तर वाटणी आधी ठरवावी. बँडचे मास्तर इसार घेतल्याशिवाय तारीख देत नाहीत आणि कुणाला किती हे वाजवण्यापूर्वी सांगतात. आपण मित्र म्हणून बोलायला संकोचतो आणि मग मित्रच राहत नाही. गाडीभाडे आणि वाद्यांची दुरुस्ती आधी वजा करावी, उरलेले ठरल्याप्रमाणे वाटावे आणि एका वहीत सर्वांना दिसेल असा हिशेब ठेवावा.

आणि नकार आला तर? नकार देणाऱ्याला एकच विचारावे, 'काय कमी पडले?' पट्टी, लय, वेळ यांपैकी एखादे नाव निघाले तर ते काम दोन महिन्यांत होण्यासारखे आहे. नुसतेच 'आमच्यात बसत नाही' असे उत्तर आले तर समजावे की तो संच आपला नव्हे. आपल्यासारख्याच बाहेर उभ्या असलेल्या तिघांना शोधावे. ते सापडतात. मला एक पेटीवाला, एक गिटार वाजवणारी आणि एक गाणारा सापडला आहे. आमची तीन गाणी अद्याप पूर्ण बसलेली नाहीत. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला लय अजून पळते.

प्राध्यापक वर्गाला एक नम्र विनंती करावीशी वाटते. आठवड्यातून एक दिवस शेवटच्या तासानंतर सभागृह वाद्ये वाजवणाऱ्यांसाठी उघडे ठेवावे, आणि वर्षातून एकदा गावातल्या एखाद्या बँडच्या मास्तरांना तिथे पाहुणे म्हणून बोलवावे. हार-नारळापुरते नको, शिकवण्यासाठी. बारा माणसांना भर रस्त्यात, गाड्यांच्या भोंग्यांत, एका लयीत कसे ठेवायचे हे त्यांना ठाऊक आहे. आम्हाला अजून चौघांना बंद खोलीत ठेवता येत नाही.